जायफळाचे दोन वेढे

हॉस्पिटलात माझ्या टेबलावर तीन वस्तू कायम असायच्या. बाळांच्या वाढीचे तक्ते, एक रुमाल आणि मिसळणाचा डबा. तक्ते हॉस्पिटलचे, बाकी दोन माझे. डबा साधाच, स्टीलचा, सात वाट्यांचा. त्यात हळकुंड, जिरं, धणे, हिंगाचा खडा, ओवा, दालचिनी आणि जायफळ. सगळं अख्खं, पूड कसलीही नाही. नवीन लागलेली नर्स पहिल्या दिवशी हमखास विचारायची, मॅडम, स्वयंपाक इथंच करता का? मी म्हणायचे, हो, पण माझ्याकडे जेवायला फक्त सहा महिने पूर्ण झालेली माणसं येतात.

लहान बाळांना काय खायला घालावं हे त्यांच्या आयांना सांगायचं, एवढंच माझं काम. ते मी तीस वर्षं केलं. कागदोपत्री मी आहारतज्ज्ञ होते. बायका मला ‘खानेवाली मॅडम’ म्हणायच्या आणि एका आजोबांनी तर भर लग्नात माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, आपके घर में वो मसालेवाली डॉक्टर रहती ना? मी डॉक्टर नाही, हे आधी सगळ्यांना सांगायचे. नंतर कंटाळून सोडून दिलं.

आमचं घर जामबागचं. आजोबा परभणीकडची शेती भावांवर सोडून इथे नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही हैदराबादी. घरात मराठी, शेजारी तेलुगू, गल्लीत दखनी. या तीन भाषांचा मला नोकरीत फार उपयोग झाला. ‘बाळाने काल काय खाल्लं?’ हा प्रश्न मी तिन्ही भाषांत विचारू शकायचे आणि लोक माझ्याशी तिन्ही भाषांत खोटं बोलायचे. आया खोटं बोलतात ते वाईट म्हणून नव्हे. घाबरलेल्या असतात. बाळाने अर्धी वाटी खाल्ली असेल तर वाटीभर सांगतात, आणि सासूने चोरून काही चाटवलं असेल तर तिचं नाव येऊ देत नाहीत.

डब्याची युक्ती माझी मलाच सुचली. बाळ मांडीवर घ्यायचं आणि एकेक वाटी त्याच्या नाकापासून वीतभर लांब धरायची. खायला काही द्यायचं नाही, नुसता वास. आणि मग गप्प बसून बघायचं. जिऱ्याला बहुतेक बाळं शांत असतात. ओव्याला पाय झाडतात. हिंगाला मात्र प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कुणी शिंकतं (रुमाल त्यासाठीच), कुणी माझ्याकडे असं बघतं की मीच काहीतरी केलं असावं, आणि एक पोरगी तर वाटीत तोंड घालायला इतकी पुढे सरकली की मांडीवरून पडता पडता वाचली. तीस वर्षांत मला या खेळाचा कंटाळा आला नाही. आईने खाल्लेल्या लसणाचा, मेथीचा वास दुधात उतरतो म्हणतात. म्हणजे आपलं बाळ पहिला घास खाण्याआधीच आपलं स्वयंपाकघर थोडं थोडं चाखत असतं. मग कुठला वास त्याच्या ओळखीचा निघतो, हे बघायची मला भारी उत्सुकता असायची.

बाहेरच्यांना वाटतं यात शास्त्र ते काय. तर आहे थोडंसं. सहा महिने आईचं दूध. मग मऊ वरणभात, नाचणी, पिकलं केळं. ते पचायला लागलं की मसाले, पण एका वेळी एकच, चिमटीच्या टोकावर राहील एवढाच, आणि पुढचे तीन-चार दिवस दुसरा नाही. अंगावर पुरळ आलं, पोट बिघडलं, तर कुणामुळे ते कळायला हवं. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर मुळीच नको, आणि तिखट सगळ्यात शेवटी. बाळाने तोंड वाकडं केलं म्हणजे त्याला आवडलं नाही असं लगेच धरायचं नाही. तो त्याचा विचार करायचा चेहरा असतो. दहादा द्यावं लागतं कधी कधी.

हे सगळं सांगायला पाच मिनिटं पुरतात. पटवायला महिने लागतात, कारण समोर नमुने एकेक येतात.

एक बाप लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने बाळाच्या मसाल्यांचा तक्ताच केला होता. कुठला मसाला, कितवा दिवस, बाळाची प्रतिक्रिया, आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग. ‘जिरं, दिवस दुसरा, भुवया वर.’ मी मनापासून कौतुक केलं, इतक्या बारकाईने बघणारा बाप मी पाहिला नव्हता. तो गाडी काढायला गेला तशी त्याची बायको जवळ सरकून हळूच तेलुगूत म्हणाली, आंटी, या जिऱ्याच्या आधीच पंधरा दिवस मी पापाला चारू-भात देतेय, यांना सांगू नका. चारू म्हणजे आपलं सार. पाप म्हणजे बाळ, पुण्य-पापातलं पाप नव्हे. हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं.

दुसऱ्या एक दादीमाँ, अफझलगंजच्या. दहा महिन्यांचा नातू, चांगला गुटगुटीत, पण ताप येऊन भरती झाल्यापासून हॉस्पिटलचं काहीही तोंडात घेईना. मी नाना प्रकार करून बघितले. दादीमाँ बाजूला बसून माझी गंमत बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ये हैदराबाद का बच्चा है मॅडम. फीका नक्को बोलता.” खोदून विचारल्यावर कळलं, त्या सालनाच्या रश्श्यात बोट बुडवून त्याला सातव्या महिन्यापासून चाटवत होत्या. मी त्यांच्याच पद्धतीचं सालन मिरची वगळून करून आणायला सांगितलं. जिरं, धणे, पुदिना राहू दे म्हटलं. मिरची काढली तर सालनात राहिलं काय, असं त्यांचं म्हणणं. पण करून आणलं आणि पोराने खाल्लं. त्यांनीही चमचाभर चाखलं आणि निकाल दिला की ठीक आहे, आजाऱ्यांसाठी ठीक आहे.

आता जायफळाकडे येते, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

आपल्याकडे बाळासाठी जायफळ कुटत नाहीत, सहाणेवर उगाळतात. सहाण म्हणजे चंदन उगाळायचा दगड, हल्ली तेही सांगावं लागतं. त्यावर दोन थेंब पाणी टाकायचं, जायफळ टेकवायचं आणि गोल फिरवायचं. एक फेरी म्हणजे एक वेढा. बाळगुटीतल्या प्रत्येक वस्तूचे वेढे घराघरात ठरलेले. वेखंडाचा एक, हरड्याचे दोन, असं. तेलुगू घरांतही हेच. त्यांचा दगड सानराई, त्यांचं जायफळ जाजिकाया. सहा महिन्यांच्या आत गुटी देऊ नका, हे आम्ही सगळ्यांनाच सांगायचो. पण पुढे खिरीत चवीपुरतं जायफळ चालेल असं माझं मत होतं. जायफळ जास्त झालं तर पोराला गुंगी येते, हे मला ठाऊक होतं. कुठल्याही आजीला ठाऊक असतं.

एकदा हॉस्पिटलने आयांना द्यायला एक छापील कागद काढायचं ठरवलं. वरच्या आहाराचा, मसाल्यांसकट. बैठकीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की प्रमाण वजनात लिहा, नाहीतर जायफळ लिहूच नका. मी उठून भांडले. म्हटलं, कुठल्या घरात आई जायफळ काट्यावर घालते? तिला समजेल असं लिहा. वेढे लिहा. आमच्या विभागाच्या डॉक्टर माधवी माझ्यापेक्षा वयाने लहान, मला मान द्यायच्या. त्या म्हणाल्या, मॅडमचा अनुभव आहे, त्या म्हणतात तसं करू. तीन भाषांत कागद छापला. ‘आठव्या महिन्यापासून, खिरीत, जायफळ: दोन वेढे.’ तो कागद मी घरी आणून नवऱ्याला दाखवला होता. इतका मला त्याचा अभिमान.

पुढे दोन-तीन वर्षांनी सायली आली. पुण्याची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे कुकटपल्लीला राहायला आलेली. स्वतःही कंपनीत, बाळंतपणाची रजा संपून घरून काम करायला लागलेली. मी मराठीत बोलले तशी तिचे खांदे खाली आले. पहिल्याच भेटीत मला ‘काकू’ म्हणायला लागली. मुलीचं नाव इरा. तिला डबा दाखवला तर तिने हिंगाला टाळ्या वाजवल्या. सायलीची आई येणार होती मदतीला, पण पुण्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि येणं लांबलं. त्यामुळे सगळं शिक्षण व्हिडिओ कॉलवर. आईने तिकडून सांगायचं, हिने इकडे करायचं.

आठवा महिना लागला तेव्हा सायलीने मला विचारलं, काकू, आई म्हणते नाचणीच्या खिरीत जायफळ घाल, दोन वेढे. चालेल? मला बरं वाटलं. म्हटलं, आईचं बरोबर आहे, आणि हा बघ कागद, आमचंही तेच आहे. तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती आणि तिचा नवरा निखिल इराला घेऊन धावत आले. पोर डोळे उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, नाडी जोरात. अंगावर घेतलं तरी पीत नव्हती. मला बोलावणं आलं म्हणून मी खाली गेले. डॉक्टर माधवी एकेक विचारत होत्या. पडली का, ताप होता का, कुठलं औषध दिलं. सायली रडत रडत सगळ्याला नाही म्हणत होती. मग खाण्याचं विचारलं. नाचणीची खीर, तीन दिवस, संध्याकाळी. काल रात्री पूर्ण वाटी खाल्ली. त्यात काय घातलं? जायफळ, ती म्हणाली. किती? “दोन वेढे. आईने सांगितलं होतं तेवढेच.”

डॉक्टर माधवींनी मान हलवली. पुण्यातल्या आज्यांनी फोनवरून औषधं द्यायची आणि पोरं इथे आम्ही सांभाळायची, असं काहीसं त्या बोलल्या. रागावण्यापेक्षा काळजीच जास्त होती त्यात. मी तिथेच उभी होते, त्यांच्या आणि सायलीच्या मध्ये. त्या कागदाचा मजकूर माझा होता. डॉक्टर माधवींच्या तो ध्यानात नसावा, मला तोंडपाठ होता. मी काही बोलले नाही.

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला बाहेर गेले तर निखिल व्हरांड्यात सायलीच्या आईशी फोनवर बोलत होता. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “आई, यापुढे इराच्या खाण्याबद्दल तुम्ही सायलीला काही सांगू नका,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हाही मी पुढे होऊन सांगू शकले असते. ग्लास हातात धरून उभी राहिले.

इरा वाचली, हे आधीच सांगून टाकते. सलाइन लावलं, रात्रभर लक्ष ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि केळ्यासाठी आरडाओरडा करायला लागली. वॉर्डातल्या नर्स तिच्या ओरडण्यावर हसत होत्या. मी मात्र जिन्यात जाऊन रडले.

का बोलले नाही, याचं उत्तर मी तेव्हाही शोधत होते. एक कारण सरळ आहे, भीती वाटली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, बैठकीत मी सगळ्यांशी भांडून तो कागद तसा छापून घेतला होता. दुसरं कारण जरा आडवळणाचं. मला खरंच कळेना की दोन वेढ्यांनी असं कसं होईल. माझ्या आईने आम्हा चौघा भावंडांना, मी माझ्या मुलाला दिलेले तेच दोन वेढे. मग मी मनाची समजूत घातली की सायली खोटं बोलतेय. पोर झोपत नव्हती, हिला काम होतं, दिले असतील पाच-सहा. आया प्रमाण खोटं सांगतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. त्या अनुभवाच्या आड मी आठ दिवस लपून बसले.

आठ दिवसांनी ती तपासणीला आली. इराचं वजन थोडं उतरलं होतं. मी सवयीने डबा पुढे ओढला तर सायलीने पोरीला छातीशी घट्ट धरलं. म्हणाली, काकू, मला काहीतरी साधं सांगा, ज्याला वास नसेल असं. आठ दिवस ती डब्यातलं विकतचं पीठ गरम पाण्यात कालवून देत होती. मी आईचं विचारलं. आईने पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. म्हणाली, माझ्यामुळे पोर जात होती, मी कुठल्या तोंडाने येऊ. सायलीने तिला फोन करणं थांबवलं होतं आणि आई आपणहून करत नव्हती.

मी विचारलं, ती सहाण अजून आहे का घरात? ती म्हणाली, टाकायची होती, पण दगड कुठल्या कचऱ्यात टाकतात ते समजेना.

रविवारी मी माझ्या आईची सहाण पिशवीत घालून कुकटपल्लीला गेले. निखिलने दार उघडलं, जरा अवघडला, मग इराला घेऊन हॉलमध्ये बसला. मी सायलीला म्हटलं, त्या दिवशी जसं केलंस अगदी तसंच करून दाखव, मला बघायचंय. तिने सिंकखालून सहाण काढली. मी दगडावरून बोटं फिरवून बघितली. पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेली कोरी करकरीत सहाण, नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखी खरखरीत. जायफळही ताजं, अर्धं कापलेलं, तेलाने चकाकणारं. सायलीने दोन थेंब पाणी टाकलं आणि कापलेली बाजू दगडावर टेकवून सगळा जोर लावून दोन वेढे दिले. ती मुलगी कुठलंच काम अर्धवट करणारी नाही. दगडावर तपकिरी, दाट गंध चढलं. तिने ते चमच्याने निपटून ताटलीत काढलं. चमच्याचं टोक भरलं.

मग मी माझी सहाण मांडली. आईने पन्नास वर्षं वापरलेली, मध्ये खोलगट, काचेसारखी गुळगुळीत. माझं जायफळही तसंच जुनं, झिजून सुपारीएवढं राहिलेलं. मी माझ्या हाताने दोन वेढे दिले, हलके, जसे आईकडून शिकले तसे. पाण्याला नुसता रंग आला. ते दुसऱ्या ताटलीत ओतलं तर निपटण्यासारखं काहीच नव्हतं.

दोघी दोन ताटल्यांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी आयांना माप देतेय असं समजत होते. मी अर्धंच देत होते. उरलेलं माप त्यांच्या आज्यांच्या हातात आणि जुन्या दगडांत होतं, म्हणून माझा कागद आजवर निभावला. ज्या घरात आजी नाही आणि दगड नवा, तिथे माझ्या दोन वेढ्यांना काही अर्थच नव्हता. आणि हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही.

तेवढ्यात माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. दारावर तो कागद लावलेला होता. ‘जायफळ: दोन वेढे’ याच्याखाली पेनने रेघ.

“हा होता तुझ्याकडे,” मी म्हटलं. “मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

सायली ताटली पुसत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही तिथेच उभ्या होतात, काकू. मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

ती रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी हात धुतले आणि म्हटलं, आईला फोन लाव. ती नको म्हणाली, मी पुन्हा सांगितलं. पलीकडून आईने फोन उचलला तो घाबरूनच, इराला काही झालं का म्हणून. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. दगडाचं, जायफळाचं, कागदाचं, आणि मी तिथे गप्प उभी होते तेही. म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, सायलीचंही नाही, माझं चुकलं. निखिल स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होता.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “माझी सहाण मी तिला लग्नात देत होते. विमानात ओझं होईल म्हणून ठेवून गेली.” आणि लगेच विचारलं, “पोर खाते का आता काही?”

सायलीने माझ्या हातातून फोन घेतला आणि बाल्कनीत गेली. मी कुकर लावला. वरणाला तुपाची, जिऱ्याची, कणभर हिंगाची फोडणी दिली. मऊ भात कालवला आणि इराला घेऊन बसले. फोडणीच्या वासाला तिने टाळ्या वाजवल्या. निखिल समोर बसून प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होता. सातव्या घासाला तो म्हणाला, मी आईंना काय बोललो ते तुम्ही ऐकलंत ना तेव्हा? मी म्हटलं, हौ, ऐकलं. पुढच्या महिन्यात आईंना आणायला तो स्वतः पुण्याला गेला.

सोमवारी मी दोन्ही सहाणी डॉक्टर माधवींच्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यासमोर पुन्हा उगाळून दाखवलं. त्या मला बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, “मॅडम, हा कागद किती घरांत गेलाय?” पुढचे कितीतरी दिवस मी आणि दोन नर्स जुनी रजिस्टरं काढून फोन करत होतो. बहुतेक ठिकाणी जायफळ कुणी घातलंच नव्हतं, काही ठिकाणी आज्यांनी मलाच समजावलं की नवी सहाण आधी आठवडाभर नुसती घासून घ्यायची असते. काही नंबर बदलले होते, तिथे शेवटपर्यंत फोन लागला नाही. त्या घरांचा विचार अजून येतो.

नवा कागद निघाला त्यात वर्षाच्या आत जायफळ नाही, हे मीच लिहिलं. आणि सगळ्यात वर एक ओळ घातली: बाळाला देण्याआधी देणाऱ्याने स्वतः चाखावं. सल्ला देणारेही त्यात आले, असं मी आयांना हसत सांगायचे आणि त्यांनी आणलेल्या प्रत्येक वाटीतलं चमचाभर आधी माझ्या तोंडात घालायचे. शेवटची दोन वर्षं मी दुपारचा डबा जवळजवळ खाल्लाच नाही.

निवृत्त झाल्यावर मिसळणाचा डबा घरी आणला. मागच्या महिन्यात सायली इराला घेऊन जामबागला आली होती. इरा आता पाच वर्षांची आहे. आल्या आल्या डबा उघडून बसली आणि एकेक वाटी नाकाला लावत नाव विचारत सुटली. जायफळापाशी थांबली. पुन्हा वास घेतला, पुन्हा घेतला.

“आई, आपल्या घरी हा वास का नाही?”

सायलीने कप खाली ठेवला. तिच्या घरात तेव्हापासून जायफळ आलेलं नाही, श्रीखंडालासुद्धा ती नुसती वेलची घालते, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मीही शेवयांची खीर जायफळाशिवायच केली होती. मी आत जाऊन आईची सहाण धुऊन आणली आणि सायलीपुढे ठेवली.

मग तिने दोन थेंब पाणी टाकलं, जायफळ उचललं आणि एकच वेढा दिला, इतका हलका की आवाजही आला नाही. बोटाचं टोक त्यात टेकवलं. इरा खुर्चीवर उभी राहून तोंड उघडून तयार होती. सायलीचं बोट तिच्या तोंडापर्यंत गेलं, थांबलं, आणि वळून माझ्यापुढे आलं.

“आधी तुम्ही, काकू.”

मी चाखलं. मग तिने चाखलं. इरा तोवर आपला नंबर कधी येणार ते विचारत होती.